ऊन पाणी आणि उत्तरेचा उजेड

आपल्या महाराष्ट्रात उष्णोदकाची जी स्थाने आहेत त्यांची नावे एकत्र मांडली असता एक मौज दिसून येते. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, खानदेशात चोपड्याच्या बाजूचे उनपदेव आणि आम्हां वैदर्भीयांस जवळचे असे पैनगंगेच्या काठचे उनकेश्वर. या सर्व नावांत देव असो वा नसो, ‘ऊन’ मात्र आहे. ज्या कोणी प्रथम त्या पाण्यात हात बुडविला त्याच्या तोंडून हाच शब्द निघाला असावा आणि माहात्म्य मागाहून आले असावे. उनपदेव काय किंवा उनकेश्वर काय, दोन्हीकडे शरभंग ऋषींची एकच कथा सांगतात. ऋषींच्या अंगावरील व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारला आणि भूमीतून उष्ण जळाची धार उसळली. बाण एक की दोन, या वादात आम्ही पडत नाही. व्याधी अंगावरची होती, म्हणजे कातडीची होती, एवढे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व हकीकत त्याच धाग्याने बांधलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात, पौषाच्या वद्य पक्षात, ऊन पाण्यात स्नान आणि त्याच रात्री उत्तरेकडील आकाशातला ध्रुवीय प्रकाश, असा दुहेरी योग आम्हांस एका दिवसात घडला. स्थळ अर्थातच नागपूर नव्हे. आमचे चिरंजीव काही वर्षांपासून आइसलँड देशात रेक्याविक या राजधानीच्या गावी नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही, आमचे कुटुंब आणि आमची वडील बहीण आक्का, असे तिघे तेथे गेलो होतो. आक्काचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. जायचे ठरले तेव्हा महालातल्या आमच्या वाड्यात जी चर्चा झाली तीत थंडी, गुडघे, विमानातले बसणे हे सर्व आक्षेप मोठ्याने निघाले. खरा आक्षेप मात्र एका पुतणसुनेने आमच्या कुटुंबापाशी हळूच बोलून दाखविला. ती म्हणाली, “काकू, तिकडे म्हणे सगळ्यांबरोबर पाण्यात उतरतात. आक्का उतरणार का?”

आक्काला कोड आहे. हे आम्ही तिच्या संमतीने लिहीत आहोत. किंबहुना “लिहायचं तर कोड हाच शब्द लिही, त्वचेचा विकार वगैरे नको,” अशी तिची ताकीद आहे. ती बारा वर्षांची असताना मनगटावर पहिला डाग उठला. कोडात शरीराचीच संरक्षकशक्ती कातडीस रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते एकाचे दुसऱ्यास लागत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे आज शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. त्या काळी सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतही ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द चाले, आणि शब्दाबरोबर भीतीही चाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी आणि पुढे वरोऱ्यास बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली, तिला वर्षाकाठी देणगी पाठविणारी घरे स्वतःच्या मुलीच्या मनगटावरचा डाग मात्र पदराखाली झाकीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आजोबांनी तिला त्याच पौषात उनकेश्वरी नेले. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. हट्ट करून बरोबर गेलो. यवतमाळपर्यंत मोटार, पुढे मजल दरमजल बैलगाडी. धर्मशाळेत एकवीस दिवस मुक्काम झाला. पहाटे अंधारात आजोबा तिला उठवीत आणि झुंजुमुंजू होण्यापूर्वी तिचे स्नान आटोपून घेत. त्या वेळी पाण्यावर वाफ असे आणि गंधकाचा वास येई. एवढ्या लवकर का, असे आम्ही एकदा विचारले तेव्हा “पहाटेच्या स्नानाचे पुण्य अधिक,” असे उत्तर मिळाले. आक्काला खरे कारण माहीत होते. नागपूरचे कोणी ओळखीचे यात्रेकरू भेटू नये, हे ते कारण. स्नान झाले की आजोबा कंदील वर धरून तिचे मनगट पाहात. एकवीस दिवस पाहिले. गंधकयुक्त पाण्याने खरूज-नायट्यास उतार पडतो, पण गेलेला रंग त्याने कसा परत यावा? परत येताना बैलगाडीत कोणीच फारसे बोलले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. डाग वाढले, स्थळे आली आणि परतली. आक्का एम्. ए. झाली. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षे संस्कृत शिकविले. नागपूरच्या मे महिन्यातदेखील तिचे पोलके कोपराखाली मनगटापर्यंत असे. घरात कार्य निघाले म्हणजे कोठीघराच्या किल्ल्या तिच्या कमरेला येत. तिच्याएवढी चोख व्यवस्था कोणी ठेवीत नसे हे खरे. पण कोठीघरात बसलेले माणूस मांडवात दिसत नाही, हेही तितकेच खरे.

रेक्याविक या नावाचा अर्थ ‘धुराची खाडी’ असा आहे. प्रथम वसाहत करणाऱ्यांस किनाऱ्यावर जो धूर दिसला तो धूर नसून ऊन झऱ्यांची वाफ होती. आपल्याकडील झरे निराळ्या जातीचे आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. दख्खनचा ज्वालामुखी थंड होऊन सहा कोटी वर्षांवर काळ लोटला. आइसलँडात मात्र तो व्यवहार अद्याप चालू आहे. तो देश बसला आहे पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांच्या सांध्यावर. हे तुकडे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या बेताने एकमेकांपासून दूर सरतात आणि खालचा तप्त रस वर येऊ पाहतो. त्यामुळे तेथे घरोघरी बंब पेटवावा लागत नाही. पृथ्वीचाच बंब आहे. दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेने ऊबदार राहतात. नळाच्या ऊन पाण्याला उकडलेल्या अंड्यांसारखा वास येतो. आमच्या कुटुंबाने पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला. आक्का म्हणाली, “हा उनकेश्वराचा वास आहे.” नंतर त्याविषयी ती काही बोलली नाही.

सहलीचा दिवस ठरविताना गंमत झाली. तेथील हवामान खाते संकेतस्थळावर ढगांचा नकाशा आणि ध्रुवीय प्रकाशाच्या जोराचा शून्य ते नऊ असा अंक देते. चिरंजीव तो घेऊन बसले. आक्का पंचांग घेऊन बसली. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार म्हणून पूर्वरात्र काळोखी मिळेल, असे तिने वद्य पक्षाच्या तिथीवरून सांगितले. नकाशाने त्याच रात्री आकाश निरभ्र राहील असे सांगितले. दोघांचे एकमत झालेले आमच्या घरात क्वचितच पाहावयास मिळते.

सकाळी नवाला निघालो तेव्हा मिट्ट काळोख होता. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे बरोबर होते. त्या दिवसांत तेथे दहा वाजून गेल्यावर सूर्य उगवतो व पाचच्या सुमारास मावळतो. परंतु उगवण्यापूर्वी तासभराहून अधिक काळ क्षितिजावर गुलाबी-तांबूस उजेड रेंगाळत असतो. आपल्याकडे अरुणोदय झाला म्हणेपर्यंत ऊन अंगावर येते. लोकमान्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ या ग्रंथात ऋग्वेदातील दीर्घ उषेवर सगळी इमारत उभारली. तो सिद्धांत विद्वानांच्या गळी उतरला नाही, आणि आमच्याही उतरलेला नाही. तथापि मोटारीच्या काचेतून ती न संपणारी पहाट पाहताना, पुण्यात बसून केवळ शब्दांवरून हा देखावा मनासमोर आणणाऱ्या बुद्धीविषयी आदर दुणावला. आक्काने उषासूक्तातील दोन ऋचा म्हटल्या. सूनबाईंनी गाडीतले गाणे बंद केले.

थिंगवेलिर येथे ९३० सालापासून त्या देशाची लोकसभा उघड्यावर भरत असे. इ. स. १००० च्या सुमारास जुने देव ठेवावेत की ख्रिस्ती व्हावे या प्रश्नावरून तेथे लढाई जुंपण्याची वेळ आली. निवाडा थॉर्गेर नावाच्या जुन्या धर्माच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. तो अंगावर पांघरूण ओढून एक दिवस व एक रात्र विचार करीत पडून राहिला आणि उठून म्हणाला की सर्वांनी ख्रिस्ती व्हावे, मात्र ज्यास जुन्या देवांची पूजा करावयाची असेल त्याने ती घरात, कोणास न दिसेल अशी करावी. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाने काढावा तसाच हा तोडगा आहे! पुढचा भाग याहून गोड. बाप्तिस्म्यासाठी थिंगवेलिरच्या बर्फासारख्या पाण्यात उतरावयास पुष्कळ मंडळी तयार होईनात. ती लौगरवात्न येथील ऊन झऱ्यावर गेली आणि तेथे धर्मांतरित झाली. तो लहानसा दगडी कुंड आजही आहे. माघस्नानाचा संकल्प करून बंबात लाकडे सारणारी आमच्या घरातील मंडळी आम्हांस तेथे आठवली.

उसळत्या पाण्याचा झरा पाहिला, धबधबा पाहिला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आले, त्यामुळे धबधब्याविषयी अधिकाराने काही लिहिता येत नाही.

दिवस मावळण्याच्या सुमारास फ्लूदिर गावी पोहोचलो. तेथले स्नानकुंड १८९१ साली बांधलेले आहे. त्या देशात याहून जुना पोहण्याचा तलाव नाही. स्थानिक लोक त्यास ‘जुने कुंड’ म्हणतात. प्रवाशांसाठी मात्र ‘गुप्त सरोवर’ असे इंग्रजी नाव दिलेले आहे, व त्या गुप्त सरोवराची पाटी हमरस्त्यावर आहे. पाणी अडतीस-चाळीस अंशांचे, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातील हवेपेक्षा थंडच. बाहेर हवा उणे सहा अंश होती म्हणून त्याची अपूर्वाई.

त्या देशातील सर्व सार्वजनिक कुंडांचा एक कडक नियम आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने संपूर्ण विवस्त्र होऊन साबणाने स्नान केले पाहिजे. शरीराचे कोणते भाग चोळावयाचे ते तांबड्या रंगात दाखविणारे चित्रही भिंतीवर असते. पाण्यात औषधे फारशी घालावी लागू नयेत, हा हेतू. आपल्या शास्त्रकारांनीदेखील तीर्थात मळ धुऊ नये, मलापकर्षण स्नान बाहेर करून मग तीर्थात बुडी घ्यावी, असे सांगितले आहे. आपल्या बहुतेक घाटांवर हा नियम आज पोथीतच राहिला आहे. तेथे तो पाळला जातो, आणि पाळला जातो तो सर्वांच्या देखत. स्त्रियांचे न्हाणीघर स्त्रियांचे व पुरुषांचे पुरुषांचे, पण आत आडपडदा असेलच असे नाही.

सूनबाईंनी ही गोष्ट आक्काला आधीच सांगून ठेवली होती. पडदा असलेली एक जागा आहे, तेथे सोय होईल, असेही सांगितले होते. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाखही विकत आणून ठेवला होता. पोरीची समज मोठी. आत काय घडले ते आम्हांस अर्थात मागाहून कळले. पडद्याची जागा रिकामी होण्याची वाट पाहत आक्का बाकावर बसली होती. समोर तिच्याच वयाची एक तद्देशीय बाई शांतपणे अंग चोळीत उभी होती. तिचे एक स्तन शस्त्रक्रियेने काढलेले होते. छातीवर तिरपा व्रण होता. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते, किंवा न पाहण्याचा प्रयत्नही कोणी करीत नव्हते. ती स्नान संपवून आक्काकडे पाहून हसली आणि बाहेर गेली. पडद्याची जागा मोकळी झाल्याचे सूनबाईंनी सांगितले. “राहू दे,” आक्का म्हणाली, “नळ इथेही आहे.” आणि लांब बाह्यांचा पोशाख पिशवीतच राहिला. काउंटरवर भाड्याने मिळणारा साधा पोशाख तिने मागविला.

आम्ही कुंडात गळ्यापर्यंत बसलो होतो. वाफेतून आक्का पायऱ्या उतरताना दिसली. पासष्ट वर्षांत आम्ही आमच्या बहिणीचे दंड पाहिले नव्हते. खांद्यापासून बोटांपर्यंत बहुतेक भाग पांढरा झालेला होता आणि मध्ये मध्ये मूळच्या गव्हाळ रंगाची बेटे राहिली होती. पाण्यात विशी-पंचविशीतली जोडपी होती, केसांवर हिम जमलेले वृद्ध होते, एक तान्हे मूल होते. आक्का येऊन आमच्या कुटुंबाशेजारी बसली. काठापलीकडे एक लहानगा झरा काही मिनिटांच्या अंतराने उसळत होता. तिने तो चार-पाच वेळा उसळेपर्यंत पाहिला, आणि मग हात पाण्याबाहेर काढून काठाच्या दगडावर ठेवले. बाहेरच्या थंडीने ते झोंबले असतील, पण तिने ते तसेच ठेवले.

पुऱ्या गाडीतच खाल्ल्या. नऊच्या पुढे गावाच्या दिव्यांपासून दूर एका आडरस्त्यावर गाडी उभी केली. ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांची अशी समजूत असते की आकाशात हिरवे पडदे लोंबू लागतात. पुष्कळदा तसे होत नाही. सूर्यापासून निघालेले विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आधाराने ध्रुवांकडे ओढले जातात आणि शंभर किलोमीटरच्या वर प्राणवायूच्या कणांवर आदळून हिरवा प्रकाश उत्पन्न करतात. त्याहून पुष्कळ उंचीवर तांबडा. परंतु मंद उजेडात मनुष्याच्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेऱ्याला येतात. म्हणून प्रकाश क्षीण असला की कॅमेऱ्यात हिरवे दिसते आणि डोळ्यांना पांढुरके. त्या रात्री अंक तीनच होता. प्रथम उत्तरेस एक फिकट पट्टा दिसला. आम्हांस तो ढग वाटला. मग तो मधोमध तुटला, त्याचे ठिपके झाले, ठिपके पसरून एकमेकांस मिळाले, पुन्हा तुटले. काळ्या आकाशावर पांढुरके डाग सरकत होते.

“अरे,” आक्का म्हणाली, “आकाशाला कोड उठलंय.”

क्षणभर कोणास काय बोलावे हे सुचेना. आमच्या घरात हा शब्द तिच्या देखत कोणी उच्चारीत नसे. ती स्वतःच प्रथम हसली. मग सूनबाई हसल्या, मग आम्ही सर्वच, बर्फात उभे राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. चिरंजीवांनी भ्रमणध्वनीतले चित्र तिला दाखविले. त्यात सगळे हिरवेगार होते. ती म्हणाली, “ते तुझ्या यंत्राला दिसतं. मला दिसलं ते मी सांगितलं.”

हा प्रकाश आपल्या देशाला अगदीच परका आहे असे नव्हे. १० मे २०२४ च्या रात्री प्रबळ सौरवादळ झाले तेव्हा लडाखात हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबडी आभा टिपली. लेहहून हानलेकडे जाताना सिंधूच्या काठी चुमाथांगचे ऊन झरे लागतात, तेव्हा ज्यांस आइसलँडचा खर्च झेपणार नाही त्यांनी तेथे नशीब आजमावावे. झरे खात्रीचे आहेत, प्रकाश नव्हे. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी तर मुंबईतही तो दिसल्याची नोंद आहे. आम्हांस मात्र सर्वांत भावते ती त्याआधीची हकीकत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी इतिहासातले एक महाभयंकर सौरवादळ पृथ्वीवर आदळले. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसुईने जो जबरदस्त हिसका दाखविला तो तेथे नोंदवून ठेवलेला आहे. आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर मोजण्यासाठी ती मुंबईची नोंद काढून पाहतात. आकाशात काय चालले आहे याची मुंबईकरांस कदाचित कल्पनाही नसेल, सुईला मात्र ते कळले होते.

मध्यरात्रीनंतर घरी परतलो. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी छायाचित्रे घरच्या व्हॉट्सॲप मंडळात धाडली तेव्हा कुंडातले आक्काचे चित्र त्यांनी वगळले होते. ते का दिसत नाही म्हणून आक्काने स्वतःच विचारले, आणि पाठविण्यास लावले. नागपुराहून हिरव्या आकाशाविषयी वीस-बावीस उत्तरे आली. कुंडातल्या चित्राखाली बराच वेळ काही आले नाही. रात्री ज्या पुतणसुनेने शंका काढली होती तिने लिहिले, “आक्का, पाणी फार गरम होतं का हो?” आक्काने चष्मा लावून, एकेक अक्षर शोधीत, उत्तर टाकले, “नाही. बरोबर होतं.”

परत आल्यावर गेल्या महिन्यात ती आमच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, “उनकेश्वरला जाऊन येऊ या. तेव्हा एकवीस दिवस नुसते मनगटाकडे पाहण्यात गेले. पाणी कसं होतं ते माझ्या लक्षातच नाही.” आता यवतमाळवरून पुढे मोटारीचा रस्ता आहे. पहाटे निघाले तर मुक्काम न करता परतता येईल, असे धाकटे पुतणे म्हणतात. आक्काला मात्र पहाटे निघावयाचे नाही. चहा, पोहे घेऊन, चांगले उजाडल्यावर निघू आणि दुपारच्या उन्हात पाण्यात उतरू, असे तिचे म्हणणे आहे. संक्रांत झाली की जाण्याचे ठरले आहे. पुतणसूनही येते म्हणाली आहे.